आमचा राष्ट्रीय त्याग

आयुष्यात निदान एकदा तरी मोठा त्याग करावा, अशी माझी लहानपणापासूनची इच्छा होती. अडचण एवढीच की, त्याग करायला आधी जवळ काहीतरी असावं लागतं. नातेपुत्यासारख्या गावी मास्तराच्या पोटी जन्म घेऊन पुढे स्वतःही मास्तरच झालेल्या माणसाजवळ सोडण्यासारखं असून असून काय असणार? राजगादी नाही, जमीनजुमला नाही. माणसं विडी सोडतात, तंबाखू सोडतात आणि पुढे वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतात. मला तीही सोय नव्हती, कारण मी ती कधी धरलीच नव्हती. एकदा चातुर्मासात वांगी सोडून पाहिली. पण 'त्या चार महिन्यांत आमच्याकडे नाहीतरी वांगी करतच नाहीत,' असं आमच्या हिने चारचौघांत सांगून त्या त्यागातला सगळा राम घालवला.

शेवटी २०१५ साली सरकारलाच माझी दया आली. ज्यांना परवडतं त्यांनी गॅसवरची सबसिडी आपणहून सोडावी, म्हणजे ती गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचेल, असं आवाहन पंतप्रधानांनी केलं. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि छातीवर हात ठेवून पाहिलं. परवडत होतं!

आता ही सबसिडी म्हणजे काय प्रकरण होतं, ते थोडं सांगायला हवं. कारण माणसाची स्मरणशक्ती आणि सिलिंडरमधला गॅस केव्हा संपेल याचा नेम नसतो. पूर्वी सिलिंडर मुळातच सवलतीच्या दरात मिळायचा. मग २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने जाहीर केलं की, सवलतीचे सिलिंडर वर्षाला फक्त सहा. त्या वर्षी आमच्या गल्लीत पाहुण्यांचं स्वागत कसं होत असे, ते विचारू नका. चहा विचारण्याआधी यजमानीण एकदा शेगडीकडे आणि एकदा पाहुण्याकडे बघायची. पुढे सहाचे नऊ झाले, नवाचे बारा झाले, पाहुणे पुन्हा माणसात आले. आणि २०१५ च्या १ जानेवारीपासून देशभर नवी रीत आली. सिलिंडर पूर्ण किमतीला घ्यायचा आणि सवलतीची रक्कम मागाहून बँकेच्या खात्यात जमा व्हायची. म्हणजे पहिल्यांदाच सवलत ही डोळ्यांनी दिसणारी वस्तू झाली. आणि जी दिसते तीच सोडता येते.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यागाची साथच आली. प्रथम गणिताच्या सरांनी सोडली. ती त्यांनी सोमवारी सोडली आणि शनिवारपर्यंत ते प्रत्येक तासाला सोडत होते. मग इतिहासाच्या सरांनी शिबिराजाचा दाखला देऊन सोडली. चित्रकलेच्या सरांकडे गॅसच नव्हता, तरी त्यांनी 'असता तर सोडला असता' असं जाहीर केलं. आमचा शिपाई दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "सर, तुमी सोडताय ती मला घावंल का हो?" त्यावर कुणालाच उत्तर सुचेना. पण घंटा झाली.

मधल्या सुट्टीत मी मोबाइल काढला, गॅस कंपनीच्या नंबरावर ठरलेला मेसेज पाठवला आणि एका बोटाने राष्ट्राला दीड-दोनशे रुपये महिना अर्पण करून मोकळा झालो. सिद्धार्थाने राजवाडा सोडला तेव्हा त्यालाही इतकं हलकं वाटलं नसेल. त्याच्यामागे निदान सारथी तरी होता.

सोडणाऱ्यांची नावं कंपनीच्या संकेतस्थळावर एका सन्मानयादीत लागत असत. आठवड्याभराने मी शाळेच्या संगणकावर ती यादी उघडायला लावली. आजूबाजूला चार मुलं उभी राहतील अशी व्यवस्थाही केली. नाव सापडेना. गणिताचे सर होते, इतिहासाचे सर होते. मी नव्हतो. आणि मग एकदम नजरेला पडलं. आडनाव माझं, मधलं नाव माझं आणि पहिलं नाव आमच्या हिचं.

गॅस तिच्या नावावर होता! त्याचंही कारण होतं. लग्नानंतर मी स्कूटरसाठी माझ्या नावाने नंबर लावला आणि गॅससाठी तिच्या नावाने. त्या काळी दोन्हींसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. कुठलं आधी येतं याच्यावर आमची पैज होती. पुढे सगळं विसरायला झालं. मोबाइल नंबर तेवढा माझा दिला होता, कारण नंबर नोंदवायच्या वेळी घरात मोबाइल एकच होता आणि तो माझ्या खिशात असे. थोडक्यात, मी आयुष्यातला एकमेव त्याग केला तो बायकोच्या वस्तूचा, आणि सन्मान झाला तोही तिचाच. मला फक्त पाप लागलं.

हे पाप तीन महिने लपलं. एके दिवशी ही बँकेतून पासबुक भरून आली आणि चहा ठेवायच्या आधीच म्हणाली,

"अहो, गॅसचे पैसे यायचे बंद झालेत. बँकेत विचारलं, तर ते म्हणाले एजन्सीत विचारा. एजन्सीतला मुलगा म्हणतो, काकू, तुम्हीच सोडलीत."

"तू सोडलीस?" मी म्हणालो. बुडत्या माणसाला काही सुचत नाही.

मग मला सगळं सांगावं लागलं. देश, गरिबाची चूल, धुराने जाणारे डोळे. मी बरंच बोललो. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "गरिबाला द्यायला माझी कधी ना होती का? पण मला विचारलं होतंत?"

आणि मग कळलं ते असं. ते खातं तिने पूर्वी कधीतरी काढलेलं होतं आणि तसंच पडून होतं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तिच्या नावावर बाहेरून कुणी पैसे पाठवले, असं त्या जानेवारीत प्रथमच घडलं होतं. रक्कम दीडशे-दोनशेचीच. पण ती मागावी लागत नव्हती, तिचा हिशेब द्यावा लागत नव्हता. तिने त्या पैशांना नावसुद्धा ठेवलं होतं : 'गाडीभाडं'. लेक पुण्याला दिली आहे. तिच्याकडे जायचं म्हणजे एस्टीच्या भाड्यासाठी माझ्यापुढे हात करायचा आणि मी पाकीट काढता काढता, "परवाच तर जाऊन आलीस," असं म्हणायचं. हे मी म्हणतो, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

"फलटणला रेल्वे येणार म्हणतात," ती म्हणाली. "आली की आपल्या पैशाने जाणार होते."

वर्षभराने सबसिडी परत मागण्याची सोय होती. मी फॉर्मही आणला. "सोडलेलं परत मागायचं नसतं," असं म्हणून तिने तो घडी करून डाव्या पायाने लंगडणाऱ्या टेबलाखाली सरकवला. टेबल अजून स्थिर आहे.

रेल्वेचं नाव निघालं आणि मला आमच्या माळ्यावरचा होल्डॉल आठवला. नव्या पिढीला होल्डॉल सांगावा लागेल. जाड कॅनव्हासची, पट्ट्यांनी आवळायची वळकटी. तिच्यात गादी, उशी, चादर आणि पट्टा आवळता आला तर एखादं मूलही मावत असे. आमच्या वडिलांनी तो सोलापूरहून आणला, मी शाळेत जायला लागलो त्या सुमाराला. कारण असं की, गावाबाहेर तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण ठेवून कुणीतरी मोजणी करताना त्यांना दिसलं होतं. मोजणी रस्त्याची होती की कालव्याची, देव जाणे. वडिलांनी ती रेल्वेची ठरवली. "इंग्रजाच्या काळात आखलेली लाइन आहे ही. लोणंद, फलटण, नातेपुतं, माळशिरस, पंढरपूर. आज ना उद्या येणार," असं ते शेवटपर्यंत सांगत. ही लाइन येणार म्हणून त्यांनी होल्डॉल कधी दुसऱ्या प्रवासाला वापरला नाही. एस्टीच्या टपावर टाकायला त्यांचं मन धजावेना. पहिला प्रवास रेल्वेनेच.

त्यांना रेल्वेचं हे वेड लागलं ते बार्शी लाइटमुळे. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, नंतर एका टोकाला लातूर आणि दुसऱ्या टोकाला मिरज गाठती झाली. वडील लहानपणी तिच्यातून पंढरपूरहून कुर्डुवाडीला गेले होते. ती इतकी सावकाश चाले की, खिडकीतून पडलेली टोपी उतरून घेऊन पुन्हा चढता येई, असं ते सांगत. टोपी मुद्दाम टाकत असत की काय, असा मला संशय आहे. पुढे सरकारने ती ताब्यात घेतली, मग रूळही रुंद झाले. पण नातेपुत्याहून पंढरपूर सत्तरेक किलोमीटर. तिकडून गाडी इकडे कधी वळलीच नाही.

उरली दुसरी बाजू. लोणंदवरून पुणे-मिरजेची मीटरगेज गाडी १८९० च्या आसपास धावू लागली. लोणंदहून फलटण सव्वीस किलोमीटर. तिथे रूळ पोहोचून मार्ग सुरू झाला २०१९ साली. मी मास्तर असल्यामुळे लगेच त्रैराशिक मांडलं. सव्वीस किलोमीटरांना एकशेतीस वर्षं, म्हणजे किलोमीटरला पाच वर्षं. फलटण ते नातेपुते चाळीस किलोमीटर. म्हणजे दोनशे वर्षं. इ. स. २२१९ मध्ये गाडी नातेपुत्यात येईल, दुपारच्या सुमारास. फलटण-पंढरपूर मार्गाचे सर्वेक्षण, मागण्या, निवेदनं हे सगळं अधूनमधून वर्तमानपत्रात येत असतं आणि राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवल्याचंही वाचनात आलं. त्यामुळे एखादं शतक कमी होईल, असं धरायला हरकत नाही.

नाही म्हणायला आमच्या गावात प्रवासी कमी नाहीत. माउलींची पालखी दर आषाढीला धर्मपुरीवरून आमच्या गावी मुक्कामाला येते. लाखो माणसं चालत येतात आणि चालत जातात. अशा गावाला रेल्वे कशाला, असंही कुणाला वाटलं असेल. आमच्या अंगणात लातूरकडची एक दिंडी उतरते. त्यांच्यातल्या एका म्हातारीने २०१७ च्या सुमारास मला मोठी बातमी दिली, घरी गॅस आला, 'उज्ज्वला'तून. मी ताठ झालो. न जाणो, हा आपलाच असायचा! हिच्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

"मग आता धुराचा त्रास संपला असेल आजी," मी म्हणालो.

"धूर हायच की बाबा. एक टाकी संपली. दुसरीला पैसं कुठनं आणू? शेगडी पुसून ठिवलीया. वर देवाचा फोटो ठिवलाय."

हिने काही न बोलता म्हातारीच्या बशीत चहा ओतला. त्या रात्री मला त्यागाचा विषय काढवला नाही. आता राज्यात २०२४ पासून अशा घरांना वर्षाला तीन सिलिंडर फुकट देण्याची योजना आहे. म्हातारीचा देव शेगडीवरून उतरला असेल तर बरं.

इकडे आमच्या घरात कालनिर्णयाच्या पानापानांवर एक वेगळाच इतिहास लिहिला जात होता. सिलिंडर लावल्याची तारीख आणि किंमत तर सगळ्याच बायका लिहितात. आमची ही त्यापुढे एक आकडा कंसात लिहू लागली. शेजारणीला किती जमा झाले, तो. बोलायची नाही, फक्त लिहायची. कधी कंसात साठ असायचे, कधी शंभर. २०१८ च्या दिवाळीत, मी फराळाच्या ताटावर बसलो असताना सहज नजर गेली, तर कंसात चारशेच्या वर आकडा! मला चकली गिळेना. कुठल्याही दैनिकाने सरकारवर एवढी बोचरी टीका केली नसेल, जेवढी त्या कंसात माझ्यावर होती.

मग २०२० साली उन्हाळ्यात सबसिडी सगळ्यांचीच बंद झाली. उज्ज्वलावाल्यांना पुढे पुन्हा काही मिळू लागलं, पण आमच्यासारख्यांच्या खात्यांत शुकशुकाट. मी आनंदाने स्वयंपाकघरात गेलो. "बघ! आता शेजारणीचीही गेली. आपण पाच वर्षं पुढे होतो."

"त्या पाच वर्षांचे किती झाले, सांगू?" ती म्हणाली आणि खुंटीवरच्या जुन्या कालनिर्णयांकडे हात नेला. मी बाहेर आलो.

नियती म्हणतात ती हीच. मी २०२० च्या एप्रिलात साठ वर्षांचा झालो. रेल्वेत साठीच्या पुरुषाला तिकिटात चाळीस टक्के सवलत आणि बाईला तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासूनच निम्मं तिकीट. ही सवलतसुद्धा ज्यांना हवं त्यांनी सोडावी, अशी सोय मध्यंतरी रेल्वेने केली होती; मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की, ही मात्र सोडायची नाही. घेऊनच दाखवायची. आणि २०२० च्या २० मार्चला, माझ्या साठीला महिना शिल्लक असताना, करोनामुळे ती बंद झाली. करोना गेला, सवलत काही परतली नाही. गॅसची मी सोडली, रेल्वेची मला सोडून गेली. एस्टी तेवढी माणुसकी राखून आहे. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून ही खिडकीशी बसून अर्ध्या तिकिटात पुण्याला जाते आणि मी शेजारी बसून पूर्ण भाड्यात जात असे. पासष्टीला माझंही अर्धं झालं, तेव्हा कुठे आम्ही संसारात बरोबरीला आलो.

फलटणहून पुण्याला डेमू गाडी २०२१ च्या मार्चमध्ये सुरू झाली होती. पण हिने तिचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. होल्डॉल माळ्यावर होता.

गेल्या पालखीनंतर गच्चीवरच्या सौर विजेचा विषय आला. आमच्याकडे ऊन इतकं फुकट असतं की, त्याची कधी किंमतच वाटली नाही. २०२४ मध्ये केंद्राने 'सूर्यघर' योजना काढली. तीन किलोवॉटचा संच बसवला की अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान, खात्यात. बाकीचे पैसे आपण घालायचे. मी माहितीपत्रक आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते थेट हिच्या हातात दिलं.

"तू ठरव," मी म्हणालो.

तिने तीन आठवडे घेतले. माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं, बिनचष्म्याने वाचलं, दोन ठिकाणी जाऊन पत्रे बघून आली. गच्चीवर कुरडया कुठे वाळवायच्या, हा प्रश्न तिने बसवणाऱ्या मुलाला विचारला, तेव्हा तो गडबडला. त्याच्या शिक्षणात तो आला नव्हता. शेवटी सांगाडा पुरुषभर उंच करायचं ठरलं. मग तिने विचारलं, "मीटर कुणाच्या नावावर आहे?"

मीटर वडिलांच्या नावावर होतं. ते जाऊन सत्तावीस वर्षं झाली. पण दर महिन्याला बिल त्यांच्या नावाने येई. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क, आणि वर ठळक अक्षरात त्यांचं पूर्ण नाव. बाकी सगळीकडून ते नाव पुसलं गेलं होतं. रेशनकार्डावरून, पेन्शनच्या कागदांतून, शाळेच्या फळ्यावरून. त्यांच्या नावाने येणारं तेवढं एकच टपाल उरलं होतं. मी बिल भरायचो तेव्हा त्यांच्याकडून आलो आहे, असं मला वाटायचं. आणि अनुदान मिळायचं तर नाव बदलणं भाग होतं.

बहिणींची संमतीपत्रं आली. मृत्यूचा दाखला शोधताना माळ्यावर चढलो, तेव्हा होल्डॉल आडवा आला. तोही खाली काढला. घरपट्टीला आधी हिचं नाव लागलं, मग मीटरला. मी अर्जावर सही करताना ही म्हणाली, "तुमचं लावायचं असलं तर लावा. मामंजींचा मुलगा तुम्ही."

"नको," मी म्हणालो. "पुन्हा कुणी आवाहन केलं तर माझा नेम नाही."

नव्या नावाचं पहिलं बिल आलं, तेव्हा तिने ते दोनदा वाचलं आणि वडिलांच्या नावाचं शेवटचं बिल त्यांच्या फोटोमागे ठेवून दिलं. सव्वा महिन्याने एका सकाळी तिचा मोबाइल वाजला. हो, आता तिचा वेगळा आहे. अठ्ठ्याहत्तर हजार जमा. तिने तो मेसेज माझ्यासमोर धरला आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता विचारलं,

"काय हो, सोडायचे का?"

त्याच आठवड्यात आम्ही फलटणला गेलो, एस्टीने, दोघंही अर्ध्या तिकिटात. बरोबर होल्डॉल होता. त्यात गादी नव्हती. लेकीसाठी कुरडया, सांडगे, शेवया, पाच किलो ज्वारी आणि दिवसाच्या प्रवासात काही कारण नसताना घातलेली एक उशी होती. ती उशी मी घातली. फलटणच्या फलाटावर लोक त्या वळकटीकडे असे बघत होते की, आम्ही १९०६ सालीच घरून निघालो असावं.

मी तिकिटाच्या खिडकीकडे वळलो, तर ही आधीच तिथे उभी. पर्स उघडून तिने दोन पूर्ण तिकिटं घेतली, एक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली,

"हे धरा. येतानाचं तुमचं तुम्ही काढा."